रिपोर्ट नॉर्मल, पण एसटीची पायरी चढवत नाही

माझी आत्या ७६ वर्षांची आहे. वाईजवळच्या एका गावात राहते आणि आठवड्यातून एकदा एसटीने साताऱ्याला लेकीकडे जाते. ऑगस्ट २०२२ पासून महाराष्ट्रात पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, त्यामुळे पंचाहत्तरी पूर्ण झाली तशी तिची साताऱ्याची फेरी सहसा चुकत नाही. मध्यंतरी मात्र दोन-तीन आठवडे ती गेलीच नाही. विचारलं तर म्हणाली, "तिकीट माफ झालं गं, ती पहिली पायरी कुठे माफ होते? मागचा माणूस ढकलतो, कंडक्टर हात देतो, मला लाज वाटते."

आम्ही तिच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. साखर, बीपी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सगळं ठीक निघालं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने तब्येत उत्तम आहे. ते खोटं नव्हतं. पण त्या सगळ्या तपासणीत तिच्या पायांत किती जोर उरलाय हे कुणी पाहिलं नव्हतं. बाई खुर्चीतून कशी उठते, याची नोंद कुठल्याच कागदावर नव्हती.

आपल्या आसपास अशी कितीतरी माणसं आहेत. आजार नाही, औषधं जेमतेम, तरी जिना चढताना कठडा धरावा लागतो, पाटावर बसलं की उठायला कुणाचा तरी हात लागतो. "वय झालं" एवढं म्हणून आपण विषय संपवतो. त्या दोन शब्दांत नेमकं काय घडलेलं असतं आणि त्यातलं किती परत मिळवता येतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

## स्नायू कधीपासून कमी होतात?

तिशी उलटली की स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात, दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के. साठीनंतर हा वेग वाढतो. हे आपल्या लक्षात येत नाही, कारण गेलेल्या स्नायूची जागा बऱ्याचदा चरबी घेते. वजनकाट्यावर आकडा तोच राहतो आणि माणूस समाधानी असतो की आपलं वजन वीस वर्षांत बदललं नाही.

या झिजेला बराच काळ वैद्यकशास्त्रात धड नावही नव्हतं. १९८९ मध्ये अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञाने 'सार्कोपेनिया' हा शब्द सुचवला. ग्रीक भाषेत 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे उणीव. अर्थात वय झालेल्या प्रत्येकाला सार्कोपेनिया असतो असं नाही. झीज एका मर्यादेपलीकडे गेली की ते नाव लावतात. आत्यासारखी निरोगी माणसं त्या मर्यादेच्या अलीकडे असतात, पण उतारावर असतात. माझ्या मते त्यांच्याकडेच सर्वांत आधी लक्ष द्यायला हवं, कारण त्यांच्यापाशी परत मिळवण्यासारखं बरंच असतं.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. स्नायूंचं वजन जितकं घटतं, त्याहून ताकद जास्त घटते. म्हणजे मांडी दिसायला फारशी बारीक झालेली नसते, पण तिचा जोर मात्र बराच गेलेला असतो. असं का होतं, हे समजायला गावातली डीपी आठवा.

## डीपी जळते तेव्हा

गावात एका डीपीवर पंधरा-वीस घरांची वीज चालते. स्नायूचंही तसंच असतं. स्नायू हजारो बारीक तंतूंचा बनलेला असतो आणि मणक्यातून निघणारी एकेक नस अशा अनेक तंतूंना चालवते. मेंदूने हुकूम दिला की नस म्हणजे डीपी सुरू होते आणि तिच्यावरची सगळी घरं एकदम उजळतात, म्हणजे ते तंतू आकसतात.

वाढत्या वयात यातल्या काही डीपी कायमच्या जळतात. मग शेजारची डीपी आपली तार लांबवून त्यातल्या काही घरांना वीज देते. बाकीची घरं अंधारात राहतात आणि हळूहळू पडतात.

स्नायूचे तंतू मुख्यतः दोन प्रकारचे असतात. संथ तंतू फार थकत नाहीत. चालणं, उभं राहणं ही कामं त्यांची. जलद तंतू लवकर थकतात, पण त्यांच्यात झटका असतो. उडी मारणं, पटकन उठणं, तोल जाताना पाय चटकन पुढे टाकणं ही कामं त्यांची. वयाचा फटका आधी आणि जास्त बसतो तो या जलद तंतूंना. त्यातले जे संथ डीपीच्या तारेवर जातात, तेही हळूहळू संथ होतात. म्हणून सत्तरीतला माणूस पाच किलोमीटर रमतगमत चालू शकतो, पण समोरून स्कूटर आली तर पटकन बाजूला होऊ शकत नाही.

## ताकद वेगळी, पॉवर वेगळी

या लेखातला दुसरा तांत्रिक शब्द म्हणजे पॉवर. ताकद म्हणजे किती ओझं उचलता येतं. पॉवर म्हणजे ते किती चटकन उचलता येतं.

एसटीची पायरी चढायला दोन्ही लागतात. एका पायावर सगळं शरीर वर उचलायचं, ही ताकद. आणि ते मागची रांग ढकलायच्या आत, कंडक्टरने डबल बेल मारायच्या आत उचलायचं, ही पॉवर. वय वाढतं तशी पॉवर ताकदीपेक्षाही लवकर ओसरते. आत्या घरचा जिना सावकाश चढते, पण एसटीशी अडते, ते यामुळेच.

पडण्याचंही तसंच आहे. बाथरूममध्ये पाय घसरला की सावरायला सेकंदाचाही वेळ नसतो. तेवढ्यात दुसरा पाय पुढे पडला आणि त्याने भार पेलला तर माणूस वाचतो. त्या पायात कितीही ताकद असली, पण ती अर्ध्या सेकंदाने उशिरा आली, तर तोवर माणूस फरशीवर असतो. आपण ज्याला चपळपणा म्हणतो तो हाच: डोळ्यांनी आणि पायांनी धोका ओळखायचा, मेंदूने ठरवायचं आणि स्नायूने वेळेत जोर लावायचा. यातला स्नायूचा वाटा सरावाने बराच सुधारतो.

## आपण खाली बसणं सोडलं

हा भाग मला जवळचा वाटतो. आत्याच्या तरुणपणी घरात खुर्ची होती ती पाहुण्यांसाठी. स्वयंपाक खाली, विळी खाली, जेवण पाटावर, निवडणं-पाखडणं जमिनीवर, संडासात उकिडवं. म्हणजे दिवसभरात कितीतरी वेळा पूर्ण खाली जायचं आणि पूर्ण वर यायचं. तालमीत पैलवान ज्याला बैठका म्हणतात, त्या घरातली प्रत्येक बाई नकळत काढत होती.

मग ओटा आला, डायनिंग टेबल आलं, कमोड आला, लग्नातल्या पंगतीची जागा बुफेने घेतली. या सोयी चांगल्याच आहेत; ज्यांचे गुडघे खरोखर गेले आहेत त्यांच्यासाठी तर मोठा आधार आहेत. कुणी पुन्हा विळीवर बसावं असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक सोयीबरोबर थोड्या बैठका गेल्या, आणि त्यांच्या जागी आपण काहीच आणलं नाही. शरीर फार हिशेबी असतं. स्नायू पोसणं खर्चाचं काम आहे, आणि रिकामा बैल शरीर फार काळ पोसत नाही.

हा हिशेब किती चटकन होतो, हे अमेरिकेतल्या एका प्रयोगात दिसलं. सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस बिछान्यातच राहायला सांगितलं. तेवढ्यात त्यांच्या पायांतलं सुमारे एक किलो स्नायूंचं वजन गेलं. साध्या तापानंतर "आता महिनाभर आराम कर" असं आपण घरातल्या वडीलधाऱ्यांना प्रेमाने सांगतो, तेव्हा मला हे आठवतं.

## घरच्या घरी कसं पाहायचं?

दवाखान्यात जायची गरज नाही. हात न टेकवता बसता येईल अशी साधी, बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीशी दुमडून पाच वेळा पूर्ण उभं राहा आणि बसा, जमेल तितक्या वेगाने. शेजारी कुणीतरी घड्याळ घेऊन उभं राहू द्या. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषानुसार याला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पायांची क्षमता कमी झाली आहे असं धरतात. त्याच निकषांत चालण्याचा वेगही आहे. सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी, म्हणजे सहा मीटरला सहा सेकंदांहून जास्त, तर लक्ष द्यायला हवं.

जपानमध्ये आणखी सोपी युक्ती शिकवतात. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून बोटांचं कडं करायचं आणि ते पोटरीच्या सगळ्यात जाड भागाभोवती धरायचं. बोटं टेकली नाहीत तर उत्तम. कडं सैल बसून फट राहिली, तर स्नायू कमी झाल्याची शक्यता जास्त.

हाताची मूठ किती जोरात आवळता येते, हेही मोजतात. २०१५ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आलेल्या, १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या अभ्यासात भारतही होता. त्यात मुठीचा जोर ५ किलोने कमी असेल, तर पुढच्या काही वर्षांत मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त दिसला. रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षाही मुठीवरून हा अंदाज जास्त चांगला येत होता. यावरून कुणी रबरी चेंडू दाबत बसेल, तर त्याचा उपयोग नाही. मूठ ही शिजलेल्या भाताचं शीत आहे. ती सगळ्या अंगाची स्थिती दाखवते. ते शीत नुसतं दाबून भात शिजत नाही.

## "मी रोज चालतो की"

चालणं सोडू नका. हृदयासाठी, साखरेसाठी, झोपेसाठी, मनासाठी ते उत्तमच आहे. पण सपाट रस्त्यावर चालताना मुख्यतः संथ तंतू काम करतात. जलद तंतूंना शरीर राखीव ठेवतं आणि ओझं जड असेल किंवा घाई असेल तेव्हाच बोलावतं. रोज एक तास चालणाऱ्याचेही जलद तंतू वर्षानुवर्षं कामाला लागलेले नसतात, असं होऊ शकतं.

घरकामाबद्दलही तेच. झाडणं, भांडी, कपडे वाळत घालणं यात कष्ट आहेत, पण ओझं वर्षानुवर्षं तेवढंच असतं आणि शरीराला त्याची सवय झालेली असते. योगासनांनी लवचिकपणा आणि तोल चांगला राहतो, आणि उत्कटासनासारख्या आसनात मांड्या खऱ्या अर्थाने कामाला लागतात. फक्त तिथेही आज जमलं त्याहून पुढच्या महिन्यात थोडं जास्त, हे तत्त्व पाळावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात म्हणूनच पासष्टीपुढच्यांसाठी वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत. आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना जोर लावणारा व्यायाम, आणि किमान तीन दिवस तोल आणि ताकद दोन्हींवर काम करणाऱ्या हालचाली. आपल्याकडे पहिलीच गोष्ट लोकांपर्यंत पोचली.

## "या वयात वजनं उचलायची?"

१९९० मध्ये बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात डॉ. मारिया फियातारोने यांनी दहा जणांना पायांसाठी वजनांचा व्यायाम दिला. सरासरी वय ९० वर्षं, प्रकृती नाजूक. वजनंही नावापुरती नव्हती, त्यांच्या कमाल ताकदीच्या मानाने चांगली जड होती. नऊ जणांनी आठ आठवडे पूर्ण केले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पहिल्यापेक्षा पावणेतीन पट झाली. मांडीचा स्नायू मात्र सुमारे ९ टक्केच वाढला होता.

या दोन आकड्यांतल्या फरकाकडे नीट पाहा. स्नायू थोडाच वाढला, मग एवढी ताकद आली कुठून? बरीचशी ताकद तिथेच होती, पण वापरात नव्हती. जळलेल्या डीपी परत येत नाहीत, पण बंद पडून राहिलेल्या अनेक डीपी पुन्हा सुरू होतात. मेंदू त्यांना एकाच वेळी, जास्त वेगाने कामाला लावायला शिकतो. म्हणूनच सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत आरशात काही दिसत नसलं, तरी उठताना फरक जाणवू लागतो.

याची दुसरी बाजूही त्याच अभ्यासात दिसली. व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांत जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेली. अँटिबायोटिक्सच्या कोर्सप्रमाणे हा व्यायाम कधीतरी पूर्ण होऊन संपत नाही. तो अंघोळीसारखा आहे.

## "गुडघे दुखतात, बीपी आहे"

गुडघा झिजलेल्यांना मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम हाच आज पहिल्या उपचारांपैकी एक मानला जातो. तो स्नायू गाडीच्या शॉकॲब्सॉर्बरसारखा असतो. तो बळकट असेल तर पावलागणिक बसणारा धक्का सांध्यापर्यंत कमी पोचतो. दुखतं म्हणून हालचाल कमी, हालचाल कमी म्हणून स्नायू कमी, स्नायू कमी म्हणून दुखणं जास्त, हे चक्र कुठेतरी तोडावं लागतं. व्यायाम करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शमलं तर चालतं. सूज आली किंवा दुखणं रेंगाळलं तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा, आकडा कमी करा.

बीपीचा खरा धोका श्वास रोखून जोर लावण्यात असतो. उपाय सोपा आहे: उठताना मोठ्याने आकडे मोजायचे. बोलणाऱ्या माणसाला श्वास रोखता येत नाही. मात्र छातीत दुखत असेल, नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल, बीपी ताब्यात नसेल, हाड मोडलं असेल, डोळ्याची किंवा हर्नियाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल किंवा वारंवार चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. इथे धाडस करू नका.

## "आम्ही शाकाहारी, आणि रात्री जड पचत नाही"

स्नायू प्रोटीनपासून बनतो, आणि वय वाढतं तसा तो प्रोटीनच्या बाबतीत जरा बहिरा होतो. तेवढ्याच प्रोटीनला तरुणपणी जसा प्रतिसाद देत होता तसा देत नाही. म्हणून ज्येष्ठांना कमी नव्हे, थोडं जास्त प्रोटीन लागतं. या विषयातले बरेच तज्ज्ञ वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम सांगतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम.

आणि आपल्याकडे काय होतं? सकाळी चहा-खारी, दुपारी अर्धी भाकरी आणि पातळ आमटी, रात्री दूधभात. यात ३० ग्रॅम गाठणंही कठीण. वाटीभर घट्ट वरणातून ६-७ ग्रॅम मिळतात, मोठा पेला दुधातून ८, एका अंड्यातून ६, मूठभर शेंगदाण्यांतून ७, १०० ग्रॅम पनीरमधून १८ च्या आसपास. दात नसतील तर मुगाचं धिरडं, दह्यात कालवलेलं शेंगदाण्याचं कूट, मऊ पनीर चालतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नये.

नुसतं खाऊन मात्र भागत नाही. १९९४ मध्ये फियातारोने यांनीच शंभर वृद्धांवर केलेल्या अभ्यासात ज्यांना व्यायामाविना पूरक आहार दिला, त्यांची ताकद काही वाढली नाही. पावडरचा महागडा डबा आणून देणाऱ्या मुलांनी आधी भिंतीला एक खुर्ची टेकवून द्यावी.

## चपळपणाचा सराव

कॅनडात व्हँकुव्हरमध्ये ७५ ते ८५ वयाच्या, हाडं विरळ झालेल्या ९८ बायकांचे तीन गट केले होते. एकाला वजनांचा व्यायाम, दुसऱ्याला चेंडूचे खेळ, नाचाच्या हालचाली आणि अडथळे ओलांडणं, तिसऱ्याला नुसतं स्ट्रेचिंग. २५ आठवड्यांनी पडण्याचा धोका मोजणारा गुणांक वजनांच्या गटात ५७ टक्क्यांनी आणि खेळांच्या गटात ४७ टक्क्यांनी उतरला. स्ट्रेचिंगच्या गटात २० टक्क्यांनीच. पंचाहत्तरीनंतरचा खेळ हा पोरखेळ नाही, असं मी हे वाचल्यापासून आत्याला सांगत असते.

ती सध्या एक दिवसाआड खुर्चीवरून उठबस करते. म्हणजे अर्धी बैठकच. आठ वेळा, मग दम घेऊन परत आठ. उठताना शक्य तितक्या वेगाने, बसताना तीन आकडे मोजत. दहा वेळा सहज जमू लागलं तेव्हा तिने पोटाशी दोन किलो तांदळाची पिशवी धरली. ओट्याला हात लावून टाचा उचलते, आडवी पावलं टाकत ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं लावत चालते. नात संध्याकाळी चेंडू टाकते, कधी डावीकडे, कधी उजवीकडे, आणि ती पाऊल टाकून झेलते. पहिल्या दिवशी पाच उठबशांना तिला १६ सेकंद लागले होते. चार महिन्यांनी १३ लागतात.

एसटीत आता ती दांडी धरून आपली आपण चढते. उतरताना मात्र अजून थांबते. उतरताना स्नायूला लांबत लांबत भार पेलावा लागतो, ते वेगळं काम आहे. म्हणून गेल्या रविवारपासून घरच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, कठडा धरून, तिने एक पाय सावकाश खाली टेकवायचा सराव सुरू केला आहे.